दाहिने देख, आणि पिशवीतला फेटा

मंडळी, सोलापूरला परतीच्या गाडीत बसून लिहितेय.

आज धाकट्या भावाची, महेशची, ट्रेनिंग संपल्याची परेड होती. लष्कराच्या केंद्रात जायचं, म्हणून गेटबाहेरच मी नानांना, आमच्या वडलांना, म्हटलं, "तितं सगळी साहेब लोकं असत्यात. फेटा राहू द्या."

जन्मभर मेंढरांमागं फिरलेल्या माणसानं तांबडा फेटा निमूट उतरवला. मी तो पिशवीत कोंबला.

परेडमधली सगळी पोरं एकसारखीच दिसत होती, मान सरळ. आमच्यासमोर येताच "दाहिने देख" असा हुकूम झाला आणि सगळ्या माना आमच्याकडं वळल्या. मी हात हलवला. नाना उघड्या डोक्यावरून हात फिरवत बसले होते.

नंतर महेश पळत आला, नानांच्या पाया पडला. म्हणाला, "दाहिने देखला तेवढंच बघाय मिळतं. मी तांबडा फेटा हुडकत हुतो. वाटलं, नाना आलंच न्हाईत."

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "ऊन लई हुतं, म्हणून काढला."

उन्हासाठीच तर फेटा बांधतात. महेशला कळलं असणार. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

फोटोसाठी नानांनी फेटा परत बांधला. फोटो छान आलाय, लाइकही येतायत. पण परेड काही पुन्हा होत नाही.

आमच्या शेजारी एक परमुलखातले काका भलामोठा पिवळा फेटा बांधून बसले होते. त्यांच्याकडं एकही साहेब वळून बघत नव्हता. मग मी कुणाला लाजत होते, सांगाल का कुणी?