शाफ्टखालचं कडं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर माझी छाती झाली नसती, हेही खरंच.

मुकुंदवाडीत माझं गॅरेज आहे. पिकअपची कामं जास्त. हाताला मी वाईट नाही, गिऱ्हाईक टिकून आहे. तरीसुद्धा — नाही, असं नको. सरळ सांगतो.

सुदाम माझा शाळेपासूनचा दोस्त. स्वतःच्या पिकअपवर मोसंबीची भाडी मारायचा. गाडी अशी पळवायचा की पोरं त्याला ‘विमान’ म्हणायची. मीही म्हणायचो, आणि वर हसायचो.

पिकअपच्या पोटाखाली एक लांब लोखंडी नळा असतो, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा. त्याला शाफ्ट म्हणतात. गाडी पळते तेव्हा तो भिंगरीसारखा फिरतो. सुदामच्या गाडीत त्याच्या पुढच्या टोकाखाली एक कडं होतं. कशाला? तर सांधा तुटलाच, तर शाफ्ट रस्त्यावर पडू नये, कड्यात लटकून राहावा. एरवी त्याला काही काम नाही. ते कडं खडखड वाजायचं, बोल्टाचे आटे गेले होते. नवे आटे पाडायला थोडा वेळ लागला असता आणि मला भूक लागली होती — हो, एवढंच कारण. मी कडं काढून भंगारात टाकलं.

“ते कडं नाय का बसवायचं?” सुदामनं विचारलं होतं.

“काय गरज नाय रं त्याची. आवाज गेला ना?”

आवाज गेला होता. तो खूश होऊन गेला.

काही महिन्यांनी जालना रोडवर भरधाव गाडीचा पुढचा सांधा तुटला. शाफ्टचं टोक खाली पडलं, रस्त्यात रुतलं आणि गाडीनं कोलांटी खाल्ली. सुदाम वाचला. शेजारी बसलेला त्याचा धाकटा भाऊ गौतम जागीच गेला.

मी गाडी बघायला गेलो. सगळ्यात आधी माझी नजर कुठं गेली असेल? कड्याच्या बोल्टांच्या रिकाम्या भोकांवर. दुसऱ्या कुणाला त्यांचा अर्थ लागला नाही. जो तो म्हणत होता, विमान चालवत होता, दुसरं काय होणार?

कडं काढलं तो आळस होता, निष्काळजीपणा होता. पण जे सांगायला बसलोय ते त्याच्या पुढचं आहे.

गौतमच्या जलदानविधीला सुदाम हाताला प्लास्टर घालून माझ्या शेजारी बसला होता. समोर त्याची आई. तो हळूच म्हणाला, “भगवान, खरं सांग. मी हळू चालवली असती तर वाचला असता का रं तो?”

कडं असतं तर त्या वेगातही गाडी बहुधा बाजूला घेता आली असती. हे मला माहीत होतं. तिथं बसलेल्यांत फक्त मलाच माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं — एकच.

मी म्हणालो, “व्हय रं. स्पीड लईच होता तुझा.”

आईनं ते ऐकलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोललेली नाही. ताट वाढते, समोर ठेवते, आत जाते. सुदामनं पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. आता तो हर्सूलला एका गोदामावर वॉचमन आहे. आणि मी? मी भ्यालो होतो. गॅरेज जाईल, पोलीस येतील, तो माझ्या तोंडावर थुंकेल. मग वर्षं गेली आणि गप्प बसणं अंगवळणी पडलं.

परवा सुदाम गॅरेजवर आला. एक नवखा ड्रायव्हर गाडी कामाला लावून बसला होता. त्याच्याशेजारी बसून सुदाम सांगू लागला, “दादा, हळू चालवत जा. मी माझ्या मस्तीपायी सख्खा भाऊ मारला. इच्यार ह्या भगवानला.”

मी गाडीखाली पडलेलो होतो, हातात पाना. तिथून त्याचे फक्त पाय दिसत होते.

“व्हय,” मी खालूनच म्हणालो.