शेणकाल्याची जागा

लग्नानंतर दुबईला जाणार म्हटल्यावर मैत्रिणींनी माझा फार हेवा केला होता. प्रत्यक्षात मी पोचले ती शारजापासून बरंच आत, डोंगरांच्या बाजूला, परदेशी गाईंच्या एका डेअरीवर. हे तिथे गोठ्यांचे व्यवस्थापक होते. आम्हाला एक बसकं घर मिळालं होतं, समोर चाऱ्याच्या गवताची हिरवी पट्टी आणि बाकी सगळी वाळू. दुबईतल्या देऱ्याचा सोन्याचा बाजार मी पाहिला तोसुद्धा यांना पंपाचा सुटा भाग आणायचा होता म्हणून.

डेअरी म्हटलं की लोक दुधाबद्दल विचारतात, शेणाबद्दल कुणी विचारत नाही. शेण, मूत आणि गोठा धुतल्याचं पाणी मिळून जो पातळ काला होतो, तो मोठ्या खड्ड्यात साठवावा लागतो. उन्हाळ्यात त्याची चिंता नसे. ऊनच असं की त्यातलं पुष्कळ पाणी उडून जाई, आणि उरलेला काला टँकरने गवताला घातला की गवत तो मुकाट्याने पिऊन टाकी. हिवाळ्यात मात्र ऊन मवाळ, पहाटे दव, गवताची वाढ मंद. खड्डा भरत राही, रिकामा होत नसे. त्यात एखादा जोराचा पाऊस आला की संपलंच. एका हिवाळ्यात तसंच झालं. काला खड्ड्यातून उतू जाऊन रस्त्यावर आला आणि आमची आठ वर्षांची मुलगी शाळेच्या बसपर्यंत त्यातूनच चालत गेली.

"दे से आय स्मेल," ती संध्याकाळी म्हणाली. बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसेना. मी तिचे बूट धुतले, दप्तर धुतलं, तिला घासघासून अंघोळ घातली. पण वास काही एकट्या बुटांचा नव्हता. तो आमच्या पडद्यांत, उशांत, पोळ्यांच्या डब्यातसुद्धा मुरला होता. आम्हाला तो येईनासा झाला होता एवढंच.

पुढच्या वर्षी गाई वाढल्या आणि थंडी सुरू होण्याआधी साठवणीला आणखी एक जागा हवी हे मालकांनाही पटलं. मालकांना सगळे अरबाब म्हणत. वयस्कर, शांत माणूस, बोलणं मोजकं आणि तेही हिंदीत. वर बांधायच्या लोखंडी टाकीची किंमत दिरहॅममध्ये ऐकून ते हसले, आणि ती घरी रुपयांत ऐकून मी हसले. राहिला जमिनीत खणून आत जाड प्लास्टिक अंथरायचा खड्डा. तो कुठे खणायचा, एवढाच प्रश्न होता.

गवताच्या पलीकडे एक जागा होती, सगळ्यांपासून लांब. पण तिकडे चढ असल्यामुळे पंप आणि लांबलचक पाइप लागणार होता, आणि पंपाचं नाव काढताच अरबाबनी 'खलास' म्हणून विषय संपवला होता. उरलेल्या दोन्ही जागा उताराच्या, काला आपसूक वाहत जाईल अशा. त्यातली एक कामगारांच्या खोल्यांमागे आणि दुसरी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. निवड यांनी करायची होती.

यात निवडण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. यांनी जाऊन आमच्या खिडकीसमोर चार काठ्या रोवल्या.

"डोकं ठिकाणावर आहे ना?" मी विचारलं.

"थंडीत ती माणसं बाहेर खाटा टाकून झोपतात," हे म्हणाले. "बाहेरच रांधतात, बाहेरच जेवतात. आपल्याला एसी आहे, खिडक्या लावून घेता येतात."

"आणि पोरीचं काय?"

"तुम्ही दोघी शारजाला फ्लॅट घेऊन राहा. त्या माणसांना कुठे जाता येणार आहे?"

"आणि तुम्ही?"

"मी येईन की दर शुक्रवारी."

कामगारांबद्दल यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मला यांच्यापासून वेगळं राहायचं नव्हतं, साधी गोष्ट होती. आईवडील सोडून एवढ्या लांब आले होते ती काही शारजाच्या कुठल्याशा मजल्यावर एकटीने मुलीचा अभ्यास घ्यायला नाही. मी कपाटावरची लाल बॅग काढली, माझे आणि मुलीचे कपडे तिच्यात भरले आणि येता-जाता यांच्या पायात येईल अशी ती भिंतीशी ठेवली. यांनी ती पाहिली आणि ओलांडून गेले.

दिवाळी जवळ आली होती. वसुबारसेला दुबईच्या करामा भागातल्या आणि शारजातल्या ओळखीच्या बायका दरवर्षी आमच्याकडे येत. त्यांना तिथे सगळं मिळे, सवत्स गाय तेवढी मिळत नसे. डेअरीत वासरू जन्मल्या जन्मल्या आईपासून वेगळं करतात, पण त्या संध्याकाळपुरती हे एक व्यालेली गाय वासरासकट ठेवून देत, कुरकुरत का होईना. रेशमी साड्यांतल्या त्या बायका काळ्या-पांढऱ्या गाईला कुंकू लावायला जात आणि गाय मान झटकून टाकी. मग पाडव्यासाठी आइस्क्रीमच्या डब्यांतून थोडं थोडं शेण घेऊन जात. "ताजं बघून द्या हं," असं वर सांगत.

त्या वर्षी वसुबारस शुक्रवारी आली आणि अरबाब जागा बघायला येणार होते तेही त्याच दुपारी. मी बायकांना फोन करून चहाला लवकरच बोलावलं. मग टँकर चालवणाऱ्या पठाणाला गाठलं आणि जुन्या खड्ड्याच्या तळाचा काला भरून टँकर त्या चार काठ्यांशी आणून उभा करायला सांगितला, झाकण उघडं ठेवून.

"भाभी, आज तो मेहमान आनेवाले हैं."

"इसीलिए तो."

त्याने जरा विचार केला, "यल्ला," म्हणजे चला तर, असं म्हणाला आणि गेला.

बायका अंगणात खुर्च्यांवर बसल्या, मी चकल्या आणि चहा आणला. वारा फिरला तशी आधी एकीचा पदर नाकाला गेला, मग सगळ्यांचे गेले.

"अगं बाई, इथे काही मेलंय का?"

"शेण आहे," मी म्हटलं. "तुम्ही डब्यातून नेता ना, तेच."

त्या हसल्या, पण पदराआडून. तेवढ्यात अरबाब आणि मागोमाग हे, असे दोघे कोपऱ्यावरून आले. यांनी टँकर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे न बघता चहा ओतत राहिले.

"ये कौन लोग?" अरबाबनी विचारलं.

"घर के मेहमान हैं, अरबाब. हर साल आते हैं," मी म्हटलं.

"मेरी जगह पे मेहमान आता, और नाक पकड के चाय पीता?" ते हळूच म्हणाले. "ऐब." लाज वाटावी अशा गोष्टीला ते हा शब्द वापरत, आणि क्वचितच वापरत. मग त्यांनी काठीने कामगारांच्या खोल्यांकडे दाखवलं. "उधर करो."

माझं काम झालं होतं. यांनी नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"अरबाब, उधर भी आदमी सोता है," हे म्हणाले. "बाहर."

माझ्या हातातली किटली थांबली. मालकाला कुणी असं उलट बोलत नसे. अरबाब तसेच उभे राहिले, बोटांतली माळ फिरत होती. खोल्यांपुढे सुट्टीची मंडळी स्टोव्हभोवती कांदा चिरत बसली होती. त्यातल्या एकाने उठून सलाम केला आणि चहाला या, अशी खूण केली. अरबाब गेले. एका खाटेवर बसून त्यांनी सावकाश चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. परत आले तेव्हा चार काठ्या उपटायला सांगितल्या.

"पंप लगाओ," ते यांना म्हणाले. "दूर."

खड्डा गवताच्या पलीकडे खणला गेला आणि पाऊस येण्याआधी पाइपही टाकला गेला. बॅग मात्र मी आणखी आठवडाभर हलवली नाही, यांना जरा लागू दे म्हणून.

मग एका दुपारी मी ती रिकामी करायला बसले. वर मुलीचे फ्रॉक, खाली माझ्या साड्या. साड्यांच्याही खाली, अगदी तळाशी, मी न ठेवलेलं काहीतरी होतं. यांचे पांढरे शर्ट, दाढीचं सामान, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले काळे बूट. डेअरीवर हे गमबूटच घालत. ते काळे बूट एकदाच पायात गेले होते, या नोकरीच्या मुलाखतीला. शुक्रवारचं बायकोला भेटायला येणारा माणूस ते सोबत घेत नाही, आमच्याबरोबर दुसरी नोकरी शोधायला निघणारा घेतो.

मी बराच वेळ ते बूट मांडीवर घेऊन बसले. यांचा राग येत होता आणि रडूही येत होतं. मग बूट पुसून कपाटात जागच्या जागी ठेवले. संध्याकाळी हे आले तेव्हा मी रोजच्यासारखंच ओरडले, गमबूट बाहेर काढा म्हणून.