आम्ही पडदे ओढून घेतले

“घरी डोळे छान उघडते म्हणता. घरी उजेड असतो का?”

पनवेलच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरबाईंनी मला हे विचारलं. ओवी, माझी मुलगी, तेव्हा सात महिन्यांची होती.

घरी उजेड नव्हता. तळोज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये तीन महिने जाड पडदे ओढलेले होते, आणि ते मीच ओढले होते.

चौथ्या महिन्यापासून ओवीच्या डोळ्यांतून पाणी यायचं. बाहेर नेलं की डोळे घट्ट मिटून तोंड माझ्या खांद्यात खुपसायची. आमच्याकडे संध्याकाळी कारखान्यांचा वास येतो, मोठ्यांचेही डोळे चुरचुरतात. माझा नवरा संदीप तिथेच एका केमिकल कंपनीत शिफ्टला असतो. तो म्हणाला, “हवाच तशी आहे, खिडक्या लावून घे.” मी खिडक्या लावल्या, पडदे शिवून आणले. पोरगी शांत झाली, टकामका बघायला लागली. मी शेजारणींनाही हा उपाय सांगत सुटले. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

शिवाय डोळे कसले टपोरे! सगळे कौतुक करायचे. लस द्यायला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मात्र ते डोळे बघितले आणि आम्हाला पनवेलला पाठवलं.

“कंजेनिटल ग्लॉकोमा, जन्मजात काचबिंदू वाटतोय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं, ते बाहेर जायची वाट काही बाळांमध्ये जन्मतःच नीट झालेली नसते. दाब वाढतो. बाळाचा डोळा कोवळा, तो ताणून मोठा होतो. उजेड सोसवत नाही. दाबाने मागची ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे दिसलेलं मेंदूपर्यंत नेणारी नस, मरत जाते. मेलेली नस परत येत नाही.

मी फक्त तीन महिने मोजत होते.

त्या फेलो होत्या. म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टर आधीच झालेल्या, आता लहान मुलांचे डोळे आणि त्यांची ऑपरेशनं यांचं वेगळं शिक्षण घेणाऱ्या. “म्हणजे शिकाऊ,” मी त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. राग स्वतःचा होता, काढला त्यांच्यावर.

“हो, शिकतेच आहे,” त्या म्हणाल्या. “मला शिकवणारे सर बघतीलच.”

बाळ स्थिर राहत नाही, म्हणून तपासणीसुद्धा भूल देऊनच. आधी फेलो डोळ्याचा आकार आणि दाब मोजणार, कागदावर लिहून कागद उलटा ठेवणार. मग सर मोजणार. आकडे जुळले नाहीत तर दोघं पुन्हा मोजणार. त्याच भुलीत ऑपरेशनही. मी सरांना स्पष्ट सांगितलं, हात तुम्हीच लावायचा. ते बरं म्हणाले.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर संदीप आणि मी बसलो होतो. दार उघडलं की उठायचो, दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं की बसायचो. शेवटी सर आले. “दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. उजवी नस बरी आहे. डावी बरीच गेली आहे.” त्यांचे आणि फेलोबाईंचे आकडे जुळले, असंही म्हणाले. ते जुळायला नको होते असं मला वाटलं.

दीड महिन्याने पुन्हा भूल, पुन्हा मोजणी. उजवा डोळा सावरला होता. डाव्याचा दाब उतरलाच नव्हता. उरलीसुरली नस वाचवायला दुसरं ऑपरेशन लागणार होतं. सर म्हणाले, “या वेळी ह्या फेलो डॉक्टर करतील. मी शेजारी असेन. तुम्ही नाही म्हणालात तर मी करीन.”

मी फेलोबाईंना विचारलं, “अशी किती केलीत?”

“मदतीला बऱ्याच वेळा होते. पूर्ण माझ्या हाताने हे तिसरं.”

त्या वेळी त्यांना खोटं बोलणं किती सोपं होतं. संदीप मानेने नको नको म्हणत होता. मला मात्र आठवत होतं की इतक्या लोकांनी ओवीचे डोळे पाहिले, पण आमच्या घरातल्या उजेडाची चौकशी या एकटीने केली. मी सही केली. पेन खाली ठेवताना वाटलं, आपण पुन्हा एकदा चुकलो.

दाब उतरला. गेलेली नस गेलीच. डाव्या डोळ्याने ओवीला अर्धवटच दिसेल आणि तपासणी जन्मभर सुटणार नाही. दाब पुन्हा कधी चढेल, हे कुणीच सांगत नाही. प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही.

बाळ उजेडाला तोंड फिरवत असेल, डोळे गळत असतील आणि मोठे दिसत असतील, तर त्याला अंधार करून देऊ नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, तेही त्याच आठवड्यात.

फेलोबाईंचं शिक्षण संपलं. त्या आता त्यांच्या जिल्ह्यात आहेत, तिथे याआधी बाळांच्या डोळ्यांचं असं ऑपरेशन करणारं कुणी नव्हतं. ज्या ऑपरेशनांवर त्यांचा हात बसला, त्यांत माझ्या ओवीचा डावा डोळा आहे. कधीकाळी हे वाक्य मला सहन झालं नसतं. आज मी ते ओवीला सांगण्यासाठी जपून ठेवलं आहे.