माळ्यावरचा उजेड

सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, कारण त्यांचे दीर त्यांना वहिनी म्हणतात आणि दिरांचा आवाज गल्लीभर जातो. वहिनींचा धंदा फोटो निस्तरण्याचा. काढणारे फोटो काढून मोकळे होतात. मग कुणाचं तोंड काळं, कुणाच्या मागची खिडकी पांढरीफटक, कुणाच्या सोफ्याचा रंग भलताच, असं सगळं वहिनींच्या टेबलावर येऊन पडतं. लग्नाआधी त्या एका स्टुडिओत ओळखपत्रांच्या फोटोंवरच्या मुरुमांचा नायनाट करायच्या. तिथून इथवर त्या स्वतःच्या हिमतीवर आल्या, आणि हे बोलून दाखवायला त्यांना कधी संकोच वाटला नाही. एखादं काम अवघड आहे असं कुणी म्हणालं की त्या म्हणत, "द्या इकडे. मला जमतं."

आणि जमायचंही. पण त्यांचा एक कायदा होता. कोणताही फोटो गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी आईंच्या फोनवर जायचा. आई म्हणजे सासूबाई. त्यांचा फोन इतका जुना की दुरुस्तीवालासुद्धा त्याला बघून हात जोडायचा. कोपऱ्याला तडा, पडद्यावर पिवळट झाक, आणि उजेड पूर्ण वाढवला तरी खिडकीपाशी काही म्हणजे काही दिसायचं नाही. आई स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून तो नाकाला लावत आणि निकाल देत.

"ही बाई आजारी आहे का गं?"

"खोली छान आहे, पण हिच्यात कुणी राहत नाही वाटतं."

वहिनी मुकाट्यानं परत टेबलाशी जात. त्यांचा हिशेब सरळ होता. लोक फोटो कशावर बघतील ते आपल्या हातात नसतं, तेव्हा जो सगळ्यात वाईट पडद्यावर तग धरेल तो कुठेही धरेल. वहिनींच्या नवऱ्यानं त्या फोनचं नाव हायकोर्ट ठेवलं आणि ते चिकटलं. "हायकोर्टातून आला का?" असं घरात कुणीही कुणालाही विचारायचं.

दिरांचं, म्हणजे भावजींचं काम अगदी वेगळं. घराच्या मागच्या अंगाला त्यांचा कारखाना होता. ज्योतीवर काचेची नळी तापवायची, मऊ झाली की वाकवायची, तिच्यात वायू भरायचा आणि वीज सोडायची. मग ती नळी लाल किंवा निळी पेटते. अशा नळ्यांची अक्षरं, बाण, चहाचे कप करून ते दुकानांच्या पाट्या बनवत. हे काम त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. आता प्लॅस्टिकच्या पट्टीत बारीक दिवे भरलेल्या पाट्या निघाल्या होत्या. त्या स्वस्त होत्या आणि फुटतही नव्हत्या. भावजी त्यांच्याकडे बघून नाक मुरडत आणि म्हणत, "उजेड आहे, पण धग नाही."

पट्टीइतकाच त्यांचा राग फोटोवर होता. "नळी लाल असते, लाल! आणि फोटोत बघा, पांढरी. कडेला तेवढं लाल सांडलंय. कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय का, वहिनी?"

"कॅमेऱ्याला काही झालेलं नाही," वहिनी सांगत. "साध्या पडद्यावर कागदाचा पांढरा म्हणजे छत. त्याच्या वर जागाच नाही. तुमची नळी छतापेक्षा उंच आहे, भावजी. ती छताला आपटते आणि तिथे तिचा रंग उडतो."

"मग छत फोडा."

वहिनींनी ते मनावर घेतलं. संगणकाला नवा पडदा आणला, फोटोच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घातली आणि तिच्यातलं एचडीआर लिहिलेलं बटण दाबलं. एरवी उजेडाचा आलेख जिथे संपायचा तिथे आता एक रेघ आली आणि रेघेच्या पलीकडे आणखी जागा निघाली. पांढऱ्याच्याही पुढची जागा! वहिनी खुर्चीतल्या खुर्चीत उडाल्याच. त्या जागेला त्या माळा म्हणू लागल्या. नव्या पडद्यांना माळा असतो, जुन्यांना नसतो, असं त्या येईल त्याला समजावून सांगत. ज्याला कळायचं नाही तोही हो म्हणे, कारण नाही म्हटलं तर त्या पुन्हा सुरुवातीपासून समजावत.

अशात चौकातलं जुनं थिएटर पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली. त्याच्या दारावर पूर्वी लाल नळ्यांचा मोठा तारा होता, भावजींच्या वडिलांनी केलेला. तो फुटून गेल्यालाही जमाना झाला होता. आता नवा तारा बसवायचा होता. तो नळ्यांचा करायचा की पट्टीचा, हे मालकीणबाई आणि त्यांचे भागीदार मिळून ठरवणार होते. दोन्हीकडून त्यांनी नमुन्याचे फोटो मागवले.

"हे काम मिळालं तर मिळालं," भावजी जेवताना म्हणाले. "नाहीतर पट्टीच्या कारखान्यात नोकरी तयार आहे. ज्योत विझवतो आणि मोकळा होतो. ओढूनताणून किती दिवस चालवायचं?"

ते हसत बोलले, पण त्या दिवशी त्यांनी कारखाना झाडून काढला होता. इतक्या वर्षांत कुणी त्यांना झाडू हातात घेतलेलं पाहिलं नव्हतं. दिवसभर भावजींच्या आवाजाशिवायचं घर वहिनींना डोळ्यांसमोर आणता येईना.

भावजींनी छोटा तारा वाकवून भिंतीवर लावला. वहिनींनी कॅमेरा लावला आणि भावजींना ताऱ्याशेजारी उभं केलं. तारा पेटला, भावजींनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि वहिनींनी नेमका तो क्षण धरला. मग टेबलाशी बसून त्यांनी त्या फोटोवर जीव ओतला. ताऱ्याचा उजेड माळ्यावर चढवला, तिथेही त्याचा लाल रंग टिकवला, आणि खाली अंधारात भावजींचा चेहरा, डोळ्यांत तारा घेऊन, स्पष्ट ठेवला. भावजींना बोलावून पडदा दाखवला तेव्हा त्यांनी बोटानं ताऱ्याची एकेक रेघ गिरवली.

"ही माझी नळी," ते शेवटी म्हणाले, आणि आवाज गल्लीत काय, खोलीच्या दारापर्यंतसुद्धा गेला नाही.

आई दारात येऊन उभ्या होत्या. "मला नाही दाखवलास?"

"आई, हा तुमच्या फोनला पेलायचा नाही," वहिनी आनंदाच्या भरात म्हणाल्या. "त्याला माळाच नाही ना!"

"नसेल बाई," असं म्हणून आई आत गेल्या. वहिनींनी फाइल तयार करताना एचडीआरच्या चौकटीत खूण केली आणि फोटो पाठवून दिला.

मालकीणबाईंचा फोन आला तेव्हा वहिनी कौतुक ऐकायच्या तयारीनं बसल्या होत्या.

"ताई, राग मानू नका," मालकीणबाई म्हणाल्या. "पण तुमच्या दिरांनी जुन्या नळ्या वापरल्यात का? भागीदारांच्या फोनवर बघितल्या, जरा विझल्यासारख्या दिसतात. पट्टीवाल्यांचा तारा कसा झगझगीत आहे! आमच्या भागीदारांचं मन तिकडेच झुकलंय. उद्या दुपारी बसून ठरवू म्हणतो."

आधी वहिनींच्या डोक्यात तिडीक गेली. विझलेला? यांचे डोळे आहेत की बटणं? त्यांनी आपल्या पडद्यावर फोटो उघडला. तारा ढणाढणा पेटलेला होता. मग एकदम काहीतरी आठवून त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि आईंचा फोन उचलला. त्यावर फोटो उघडला.

गुलाबट, मळकट रेघांचा एक आकार. मागची भिंत करडी, भावजींचं तोंड करडं. कुणीतरी ताऱ्यावरून ओलं फडकं फिरवल्यासारखं सगळं.

चूक काय झाली ते वहिनींना उभ्या उभ्या कळलं. अशा एकाच फाइलमध्ये दोन गोष्टी असतात. खाली साधा फोटो, आणि त्याच्यासोबत नव्या पडद्याला सूचना, की कुठला उजेड किती वर चढवायचा. माळा नसलेला पडदा फक्त खालचा साधा फोटो दाखवतो. तो साधा फोटो वेगळा बघायचा, वेगळा सजवायचा, त्यासाठी प्रोग्रॅममध्ये उजेड कमीजास्त करायला सरकवायच्या वेगळ्या दांड्या दिलेल्या असतात. वहिनींनी त्यांना हातच लावला नव्हता. माळ्यावरचा सगळा पसारा प्रोग्रॅमनं आपल्या मनानं खाली आणून कोंबला होता, आणि कोंबताना सगळंच चेपलं होतं. आईंच्या फोनवर हे पहिल्या नजरेत दिसलं असतं. ज्या एका फोटोवर भावजींचं सगळं अवलंबून होतं, नेमका तोच हायकोर्टात गेला नव्हता. वहिनींना इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

त्या तशाच कारखान्यात गेल्या आणि भावजींना सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

भावजींनी ज्योत बारीक केली. "म्हणजे नळी नाही विझली. तुमचा फोटो विझला."

"हो."

"आणि तुम्ही म्हणताय की तुम्हाला जमलं नाही? थांबा, गल्लीत ओरडून सांगून येतो."

"जमलं नाही असं मी म्हटलंय का?" वहिनी फणकारल्या. "उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. द्या इकडे."

द्यायचं काहीच नव्हतं, पण सवयीनं तोंडातून गेलं. भावजी हसले, आणि त्या हसण्यानं वहिनींच्या जिवात जीव आला.

सकाळी त्या आईंचा फोन पडद्याशेजारी टेकवून बसल्या. एचडीआरची बाजू तशीच ठेवली आणि साध्या बाजूच्या दांड्या एकेक करून हातात घेतल्या. छताच्या आत तारा पेटलेला दाखवायचा तर एकच मार्ग होता. बाकी सगळं खाली न्यायचं. वहिनींनी भिंत काळोखात ढकलली. तारा जरा उजळला. फोटोतल्या टेबलावरचा उजेड काढून घेतला. आणखी उजळला. नळीचा गाभा पांढरा होऊ लागला तशी त्यांनी ती किंचित उतरवली, लाल परत आणला. आता राहिला होता भावजींचा चेहरा. चेहरा ठेवला की तारा फिका, तारा ठेवला की चेहरा अंधारात. पुन्हा पुन्हा करून बघितलं. दोन्ही काही त्या छताखाली मावेनात.

आणि त्या फोटोत त्यांना सगळ्यात प्रिय काय असेल तर तो चेहराच होता.

"भावजी," त्यांनी खिडकीतून हाक मारली, "तुमचं तोंड जातंय."

"जाऊ द्या!" कारखान्यातून आवाज आला, आणि तो गल्लीभर गेला. "दारावर तारा लावायचाय, माझं तोंड नाही!"

वहिनींनी दांडी खाली ओढली. भावजी अंधारात बुडाले, खांद्याची एक लाल कड तेवढी उरली. त्या फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

"आई, जरा बघता?"

आईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं, चष्मा पुसला आणि फोन नाकाला लावला. बराच वेळ बघितलं.

"माझ्या पोराचं तोंड कुठे गेलं?"

"अंधारात आहे. माळ्यावाल्या पडद्यावर दिसतं. इथे नाही मावलं."

"हं." आईंनी फोन लांब धरला, मग पुन्हा जवळ. नळ्या वाकवणाऱ्या माणसाशी संसार केलेली बाई ती, पेटलेलं आणि न पेटलेलं तिला कुणी शिकवायला नको होतं. "पण पेटलाय," त्या म्हणाल्या. "यांचा पेटायचा तसाच. पाठव."

वहिनींनी पाठवला, आणि सोबत चूक आपली होती, नळीची नव्हती, असं मालकीणबाईंना सरळ सांगितलं. दुपार त्यांनी काहीही न करता काढली. एकच कपाट दोनदा आवरलं. भावजी कारखान्यात उगाच फुंकणी पुसत बसले होते. फोन वाजला तेव्हा दोघंही एकदमच धावले.

"ताई, माझा फोन नवा आणि भागीदारांचा जुनापुराणा," मालकीणबाई म्हणाल्या. "दोघांनी शेजारी शेजारी धरून बघितले. दोन्हीकडे तारा जिवंत आहे हो. आता त्याच्यापुढे पट्टीवाल्यांचा त्यांच्या फोनवर नुसता पांढरा डाग दिसतो. दिरांना सांगा, मोठा तारा करायला घ्या."

त्यानंतर कितीतरी दिवस कारखान्यातून ज्योतीचा सूं आवाज येत राहिला आणि झाडू पुन्हा कुणाच्या हाती दिसला नाही.

तारा लागला त्या संध्याकाळी चौकात ही गर्दी. भावजी दाराखाली, हात बटणावर. त्यांनी बटण दाबलं. आधी एक नळी थरथरली, मग सगळा तारा एकदम लालभडक पेटला. लोकांनी फोन वर केले. प्रत्येकाच्या फोनवर नळी पांढरी आणि कडेला लाल सांडलेलं! भावजींना ते दिसलं, पण आज त्यांनी कुणाला शिव्या घातल्या नाहीत. ते मान वर करून ताऱ्याकडेच बघत होते.

वहिनी आईंचा हात धरून उभ्या होत्या. आईंनी फोन बाहेर काढलाच नाही.

"कसा आहे, आई?" वहिनींनी विचारलं. इतक्या धाकधुकीनं त्यांनी आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं.

आईंनी चष्मा पुसला आणि सावकाश वर पाहिलं, मग खाली पाहिलं.

"माझ्या फोनवर होता तस्साच आहे," त्या म्हणाल्या. "फक्त इथे माझ्या पोराचं तोंडही दिसतंय."

वहिनींना हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदमच. त्यांनी आईंचा हात आणखी घट्ट धरला.