मिठाचा फुलोरा

कसं सांगू, नुसतं लिहितानासुद्धा माझे कान तापलेत! पण आमच्या शहापुरात हे सगळ्यांना ठाऊकच आहे, मग तुमच्यापासून काय लपवायचं?

आमच्या घरात शेवटचा शब्द आप्पांचा. आप्पा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. घट बसले त्या दिवशी हातमागावरून न उठताच ते आईला म्हणाले, "पोरगी इंग्रजी चौथीत गेली, पर कडाकणी लाटाय येत न्हाय. यंदा फुलोरा तिला करू दे. जमला तर शाळा, न्हायतर चूल!"

फुलोरा म्हणजे देवीच्या घटावर दोऱ्यांनी टांगायच्या गोड, कुरकुरीत कडाकण्या. दसऱ्याला त्याच प्रसाद म्हणून वाटायच्या. पण आमच्याकडे अष्टमीला टांगल्या, की माझा धाकटा भाऊ बाळू आणि बहीण गंगी त्या कुरतडायला लागतात. दसऱ्याला देवीसमोर नुसते दोरे!

आणि मी पडले हुशार! हस्तकलेच्या बाईंनी शाळेत शिकवलं होतं: दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, घट्ट मळा, आकार करा, उन्हात वाळवा. मुंगीसुद्धा फिरकत नाही. मी ठरवलं, टांगायला मिठाच्या, वाटायला गोड तळून डब्यात. देवीची परवानगी मनातल्या मनात घेतली. आईची? एवढा धीर कुठला!

बाळू-गंगीला हाताशी घेऊन वेणी केली, फणी केली, जोंधळ्याची कणसं केली. गंगीनं भोपळा केला.

"ह्यो भोपळा न्हाय, आप्पांचं डोस्कं हाय," बाळू म्हणाला.

"फुलोऱ्याला हात लावलात तर बघा!" मी दोघांना दम दिला.

हळदीनं पिवळाधमक केलेला फुलोरा टांगल्यावर आप्पा चक्क "लई झ्याक!" म्हणाले. मला शाळेची घंटा ऐकू यायला लागली.

दसऱ्याच्या संध्याकाळी शेजारी सोनं द्यायला आले. मी आत जाऊन डबा उघडला. तळाशी चिमूटभर चुरा!

"गंगे, कडाकण्या कुठं गेल्या?"

"आक्का, तू फुलोऱ्याला हात लावू नका म्हणालतीस. डब्याचं काय म्हणाली न्हाईस!"

धावत बाहेर येते तो आप्पा फुलोऱ्याचे दोरे सोडताहेत! आता तुम्हीच सांगा, तोंड उघडायला काय झालं होतं मला? पण समोर दहा पुरुषमाणसं. मी "आप्पा" म्हटलं, ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

"आमच्या पोरीनं केल्यात बरं का!" म्हणत आप्पांनी प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवली.

देवीचा प्रसाद. थुंकणार कोण? कडाम्! कुडुम्! दगड फोडल्यासारखे आवाज. शेजारच्या मल्लाप्पामामांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "चलो ऐती," ते कानडीत म्हणाले, म्हणजे छान आहे, आणि अख्खा तांब्या तोंडाला लावला.

"मल्लाप्पा, आणि एक घ्या की," आप्पा म्हणाले.

"नको, नको! एकीनंच जन्माचं पोट भरलं!"

शेवटी आप्पांनी स्वतः तो भोपळा तोंडात टाकला. चावला. थांबले. तांब्याकडे पाहिलं, तो रिकामा. कसाबसा गिळला.

"पोरी, साखर समजून मीठ टाकलीस व्हय गं?"

"नाही आप्पा, शाळेत असंच शिकवलंय!"

बघा, आवाज फुटायचा तो नेमका आत्ता, आणि तोही खणखणीत!

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"हिची शाळा चालू ठेवा. मॅट्रिक होऊ दे, त्याच्या म्होरं काय असंल तेबी होऊ दे. पर चुलीम्होरं बसवू नका!"

तर शाळा वाचली. माझी अब्रू मात्र गेली ती गेलीच. परवा मल्लाप्पामामा आले, तर त्यांच्यापुढे मी नुसतं केळं ठेवलं. मामांनी ते सोललं, माझ्याकडे पाहिलं, आणि आधी जिभेचं टोक लावून बघितलं!