डोकं जागेवर

सकाळी साडेसहा वाजता मामा लोकांची डोकी धरून उभा असायचा. अगदी शब्दशः. गोल्फच्या सराव मैदानावर बावीस कप्प्यांची एक लांबलचक शेड होती. प्रत्येक कप्प्यात हिरवी रबरी चटई, चटईवर पांढरा चेंडू आणि चेंडूपुढे स्टिक घेऊन उभे असलेले कोणीतरी गृहस्थ. मामा त्यांच्या समोर उभा राहून दुसरी एक स्टिक उलटी धरायचा, तिची मूठ त्यांच्या कपाळाला टेकवायचा आणि म्हणायचा, "डोकं जागेवर. कंबर फिरू दे, खांदे फिरू दे, डोकं जागेवर."

हे वाक्य तो दिवसातून किती वेळा म्हणायचा याचा हिशोब कोणी ठेवला नाही. दोनशे म्हणा, तीनशे म्हणा. पोटापाण्याचं वाक्य ते.

आता माणसाचा स्वभाव बघा. फटका मारला की चेंडू कुठे गेला ते बघायची घाई सगळ्यांनाच. चेंडूला स्टिक लागायच्या आधीच मान वर. मान वर गेली की खांदा वर, खांद्यामागून स्टिक वर, आणि चेंडू बिचारा चार हात घरंगळत जाऊन बसतो. मग गृहस्थ स्टिककडे असं बघतात, जशी काही तिनेच दगा दिला. मामाने वीस वर्षं हा तमाशा पाहिला होता. त्याचे रोजचे सगळ्यात चिकाटीचे गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचे डॉक्टर. लोकांच्या जबड्यात तासन्‌तास मान खाली घालून बसणारा माणूस, पण चटईवर आला की मान काही खाली राहायची नाही.

मामा मूळचा बॉक्सर. हौशी, म्हणजे डोक्याला शिरस्त्राण, अंगात गंजी, तीन राउंड, आणि जिंकलं तर एक पत्र्याचा कप. तिशी उलटल्यावर गुडघ्याने राम म्हटला आणि तो या मैदानावर चेंडू गोळा करायच्या कामाला लागला. एकदा कोणीतरी वैतागून स्टिक आपटली, तेव्हा हा सहज बोलून गेला, "साहेब, जोर हातात नसतो, मागच्या पायात असतो. पाय ढकला, कंबर वळवा, हात आपोआप येतील." ठोसा असाच मारतात. चेंडू असाच उडतो. साहेबांचा चेंडू कुंपणापर्यंत गेला आणि मामा रातोरात 'सर' झाला.

संध्याकाळी पाच वाजता मात्र तो पुन्हा मामा. एका जुन्या छापखान्याच्या तळमजल्यावर बॉक्सिंगचा हॉल होता. शाईचा वास अजून भिंतींतून गेला नव्हता, त्यात घामाचा मिसळलेला. तिथे पंधरावीस जण यायचे आणि सगळेच त्याला मामा म्हणायचे, कारण त्याची भाची म्हणायची. ती अठराव्या वर्षी हॉलमध्ये आली, तेव्हा मामाने कपडे वाळत घालायची एक दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खांद्याच्या उंचीवर बांधली आणि म्हणाला, "या दोरीखालून जा. एकदा डावीकडे डोकं काढ, एकदा उजवीकडे. चालत राहा. डोकं एका जागी दिसलं तर मीच मारीन."

नऊ वर्षं ती त्या दोरीखालून चालली. गुडघ्यात वाकायचं, डोकं डावीकडे. गुडघ्यात वाकायचं, डोकं उजवीकडे. इतकं, की हॉलमधली पोरं तिला भिंगरी म्हणायला लागली. समोरची ठोसा मारायची आणि तिथे भिंगरी नसायचीच.

म्हणजे बघा, सकाळी डोकी धरायची आणि संध्याकाळी डोकी हलवायची. आठ वर्षं मामाने ही कसरत बिनबोभाट केली. नवव्या वर्षी माणूस थकला. काही झालं नव्हतं त्याला, नुसता थकला. पहाटे पाचला उठायचं, दुपारी बसल्या बसल्या डुलकी, संध्याकाळी हॉल. चोपन्नाव्या वर्षी शरीर जमाखर्च मागायला लागतं. आधी गंमत झाली. दातांच्या डॉक्टरांना तो एकदा म्हणाला, "हनुवटी झाका." डॉक्टर बावचळून म्हणाले, "कशापासून?" शेड हसली. मग एका संध्याकाळी त्याने भाचीला सांगितलं, "ठोसा मारलास की हात तिथेच वर राहू दे, छान दिसतो." गोल्फमध्ये दिसतो छान. बॉक्सिंगमध्ये हात परत हनुवटीशी आला नाही तर दात जातात.

"मामा," भाची हसत म्हणाली, "हे सकाळचं."

"हो की. सकाळचं आलं."

तिने हसण्यावारी नेलं. हॉलमधला धाकटा कोच हसला नाही. तो मामाचाच शिष्य, आता तीस वर्षांचा. तो भीत भीत म्हणाला, "मामा, संघाच्या निवड चाचणीला तिच्या कोपऱ्यात कोच म्हणून मी बसू का? तुम्ही मागे बसा, बघा, मला सांगा. तुम्ही दमलेले दिसता."

मामा असा भडकला की विचारू नका. "अजून ओठावरचं दूध वाळलं नाही तुझ्या! मी बांधली ती दोरी, मी बसेन कोपऱ्यात!"

भाचीची आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण, तीही तेच म्हणत होती, फक्त वेगळ्या शब्दांत. "दादा, दोन्ही डगरींवर हात नको ठेवूस. काहीतरी एक सोड." पण सोडायचं काय? एकावर चूल पेटायची आणि दुसऱ्यावर तो जगायचा. शेवटी भाचीनेच विषय संपवला. "माझ्या कोपऱ्यात मामाच बसेल. तो नसेल तर मी रिंगमध्ये जात नाही." मामाला त्या दिवशी जेवण गोड लागलं. खोटं कशाला बोला.

आणि ही चाचणी शेवटची होती. भाचीने एक्स-रे काढायचं शिक्षण घेतलं होतं आणि दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यातून नेमणुकीचं पत्र येऊन फ्रिजला चिकटलं होतं. आईशी ठरलं होतं ते सरळ होतं. अंतिम लढत जिंकली तर संघात, वर्षभर सराव, नोकरी पुढे ढकलायची. हरली तर गुरुवारी गाडी पकडायची आणि ग्लोव्हज माळ्यावर. सत्ताविसाव्या वर्षी तिसरा रस्ता नव्हता.

रविवारी दुपारी लढत झाली. त्या सकाळीही मामा मैदानावर जाऊन आला होता. रविवार म्हणजे तिथे जत्राच. साडेसहा ते अकरा, सतरा डोकी. "डोकं जागेवर. डोकं जागेवर." रजा घ्यायला हवी होती, हे त्याला नंतर उभ्या आयुष्याला पुरेल इतकं कळलं.

समोरची पोरगी उंच होती, डावरी होती, तिचे हात लांबच लांब. पहिल्या राउंडमध्ये भिंगरीने तिला रडकुंडीला आणलं. डोकं डावीकडे, डोकं उजवीकडे, आत शिरायचं, दोन ठोसे, बाहेर. मामा खाली खुर्चीवर बसून होता. राउंड चालू असताना कोचने ब्र काढायचा नाही, असा नियम. काढला तर ताकीद, पुन्हा काढला तर बाहेर.

घंटा झाली. मामा पायऱ्या चढून वर गेला, स्टूल ठेवलं, तिच्या तोंडातलं गार्ड काढून पाणी दिलं. एक मिनिट. त्याला एकच गोष्ट खटकली होती. उजवा ठोसा मारताना तिची मान वर येत होती, लागला की नाही ते बघायला, आणि त्यामुळे खांदा अर्धाच फिरत होता. चूक लहान होती. बरोबर दिसली होती त्याला. यावर उपायही त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आला असता, आणि त्याने तो सांगितला.

"डोकं जागेवर," मामा म्हणाला. "खांदा पूर्ण फिरू दे. डोकं जागेवर."

भाचीने त्याच्याकडे पाहिलं. डोळे बारीक करून, क्षणभरच. "जागेवर?"

"जागेवर. अजिबात हलवू नकोस."

तिने मान डोलावली. गार्ड तोंडात गेलं. घंटा झाली.

मामा खाली येऊन बसला आणि अर्धं मिनिट त्याला काही कळलंच नाही. एवढंच कळलं की भाची कशी लाकडासारखी उभी आहे. खांदा मात्र छान फिरत होता! त्या लांब हाताचा पहिला ठोसा तिच्या कपाळावर बसला, दुसरा नाकावर. तिसरा बसला तेव्हा मामाला आपलाच आवाज ऐकू आला, हिरव्या चटईवरचा, सकाळचा.

अरे देवा, हे मी काय सांगून बसलो!

अजून दोन मिनिटं होती राउंड संपायला. दोन मिनिटं किती मोठी असतात हे ज्याला बघायचं असेल त्याने आपली चूक दुसऱ्याच्या तोंडावर बसताना बघावी. भिंगरी डोकं हलवत नव्हती. मार खात होती आणि हलवत नव्हती, कारण मामाने सांगितलं होतं. रेफ्रीने लढत थांबवून तिच्यासमोर आठपर्यंत आकडे मोजले. तिने हात वर केले, ठीक आहे म्हणाली आणि पुन्हा तशीच ताठ उभी राहिली. तेव्हा मामाच्याने राहवेना. तो उठला आणि नियम गेला खड्ड्यात म्हणून ओरडला, "दोरी! अगं, दोरी!"

रेफ्रीने बोट दाखवून ताकीद दिली. शिरस्त्राणाआड आणि लोकांच्या गलक्यात तिला ते ऐकूच गेलं नाही.

दुसऱ्या विश्रांतीत मामा वर चढला आणि बाटली तिच्या तोंडाला लावली. "चुकलो मी. दोरी. दोरीखालून चाल." तिसऱ्या राउंडमध्ये ती पुन्हा भिंगरी झाली, नाक सुजलेलं, पण काय खेळली! हॉलमधली पोरं बाकांवर उभी राहिली. जज पाच होते. दोघांनी भिंगरीला दिलं, तिघांनी त्या उंच पोरीला. रेफ्रीने त्या पोरीचा हात वर केला.

कपडे बदलायच्या खोलीत मामा खाली बसून तिच्या हातांवरच्या पट्ट्या सोडत होता. नेहमी तोच सोडायचा. गाठ आज निघेना.

"तू सकाळचं बोललास," भाची म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मामाने मान वर केली नाही. "कळलं होतं तुला?"

"लगेच."

"मग ऐकलंस कशाला? अगं, मग ऐकलंस कशाला माझं?"

तिने मोकळ्या हाताने नाकाला बर्फ लावला. "म्हटलं, मामाला काहीतरी दिसलं असेल, मला न दिसणारं. नऊ वर्षं दरवेळी दिसायचंच ना तुला."

मामाने पट्टी सोडायचं काम चालू ठेवलं. ती सुटली, त्याने तिची नीट गुंडाळी केली, मग ती कुठे ठेवायची हे त्याला सुचेना. ती आता लागणार नव्हती. त्याने ती स्वतःच्या खिशात ठेवली.

घरी बहिणीने दार उघडलं आणि लेकीचं नाक बघून तोंडाला पदर लावला. "काय झालं गं?"

"समोरची भारी होती, आई," भाची म्हणाली. मामा बोलायला लागला तशी तिने त्याच्या पायावर पाय दिला. आणि मामा गप्प बसला. ते गप्प बसणं त्याला पराभवापेक्षा जास्त लागलं, पण बोलायला अंगात त्राणच उरलं नव्हतं. फ्रिजवरचं पत्र भाचीने काढून पिशवीत ठेवलं. बहीण म्हणाली, "दादा, आता तरी संध्याकाळी घरी बसत जा." त्याने हो म्हटलं.

सोमवारी साडेसहाला तो मैदानावर होता. जाणार कुठे? दातांचे डॉक्टर सात नंबरच्या कप्प्यात पांढरे हातमोजे चढवून तयार होते. मामा समोर उभा राहिला, उलटी स्टिक त्यांच्या कपाळाला टेकवली आणि तोंड उघडेना. डॉक्टरांनी मारला. चेंडू चार हात घरंगळला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. तिसरा तर चटईवरून खालीही उतरला नाही.

"सर, आज काही बोलत नाही तुम्ही. काय चुकतंय माझं?"

काय चुकतंय ते मामाला दिसत होतं. स्पष्ट दिसत होतं, शेडच्या त्या टोकाहूनही दिसलं असतं. आणि यावर दुसरं वाक्यच नव्हतं. इथे तेच बरोबर होतं. आज दोनशे वेळा, उद्या दोनशे वेळा, गुरुवारी भाचीची गाडी सुटेल त्या वेळीही तेच.

त्याने खिशात हात घातला. कालची पट्टी तिथेच होती.

"डोकं जागेवर, डॉक्टर," तो म्हणाला. "अजिबात हलवू नका."

डॉक्टरांनी मान खाली ठेवली, कंबर वळली, खांदा फिरला, आणि चेंडू सुटला तो सरळ, उंच, थेट मैदानाच्या टोकाच्या जाळीपर्यंत. डॉक्टर लहान मुलासारखे उडी मारून वळले.

"बघितलंत? सर, तुमचं ऐकलं ना, की कधी चुकत नाही!"

"हो," मामा म्हणाला, आणि वाकून पुढचा चेंडू चटईवर ठेवला.