लोंबत्या कातडीचं गाऱ्हाणं

लहानपणापासून मी जाडा. दापोलीत कॉलेजला असताना जिद्दीला पेटून रोज मैलन्‌मैल चाललो, भात सोडला आणि दोन वर्षांत निम्मा झालो. कातडी मात्र आटायचं नाव घेईना. छातीवर आणि दंडांखाली ती रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची. दाभोळच्या खाडीकाठी आमच्या गावात पुरुष उघड्या अंगानं वावरतात. मी वैशाखातही सदरा काढत नसे. शेजारचा माझा वर्गमित्र विहिरीवर सगळ्यांदेखत मला चोळी घाल म्हणायचा. त्याचं तोंड फोडावंसं वाटायचं.

पंच्याऐंशीच्या सुमारास कळलं, की मुंबईच्या सरकारी इस्पितळात अशी जादा कातडी कापून काढतात. तेव्हापासून मला चैन पडेना. तारीख मिळाली. नोकरीच्या मुलाखतीला चाललोय, असं गावात सांगितलं. खरं फक्त आईला ठाऊक होतं.

देवाला सांगितल्याशिवाय अंगाला सुरी लावायची नाही, असा आईचा हट्ट. निघायच्या आदल्या दिवशी ती मला देवळात घेऊन गेली. तिथं गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे माणसाचं मागणं देवाला मोठ्यानं सांगतो, आणि जमलेले सगळे त्याला होकार भरतात. ‘कामात यश दे’ एवढंच सांग, असं मी तिला दहादा बजावलं होतं. पण देवापाशी कसली लपवाछपवी? तिनं गुरवाच्या कानात सगळं ओतलं. मी खांबाआड चुळबुळत उभा.

“बा देवा म्हाराजा,” गुरवानं खणखणीत सुरुवात केली, “ह्या तुज्या लेकराच्या छातीवरची लोंबती कातडी मुंबैचा डाक्टर कापनार हाय, त्येला यश दे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळं देऊळ म्हणालं. सगळ्यांत मोठा आवाज त्या वर्गमित्राचा. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. एस.टी.त बसेपर्यंत मी आईशी बोललो नाही.

महिन्याभरानं परतलो. टाके निघाले होते, पण हात खांद्यांच्या वर जात नव्हते; तांब्यासुद्धा डोक्यावर नेता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गमित्र न बोलावता आला, विहिरीतून पाणी काढलं आणि सदरा काढ म्हणाला. मी हललो नाही. शेवटी त्यानंच बटणं सोडली आणि दंडांवरचे, छातीखालचे तांबडे व्रण नीट पाहिले. मला पळून जावंसं वाटत होतं.

“देवलात मी येवढ्या मोठ्यानं का वराडलो, ठाव हाय?” तो म्हणाला. “तुला सगल्यांत जास्त मीच चिडवलंय.”

त्यानं पाणी ओतून माझी पाठ चोळली, छातीशी येऊन हात थांबवला आणि दुखतंय का म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो, पण दुखत होतं.